चुंबक लावलेली हळद कर्करोग बरा करते का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळची ओपीडी संपत आली होती. मिरज तालुक्यातले एक हळद उत्पादक शेतकरी पत्नीला आणि थोरल्या मुलाला घेऊन आले. हे घर माझ्याकडे वीसएक वर्षे येते. वहिनींचे वय ४८. स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले, शस्त्रक्रिया झाली आणि केमोथेरपीची पहिली चार ‘लाल सलाईन’ त्यांनी मोठ्या धीराने घेतली. पुढच्या टप्प्यात दर आठवड्याला एक अशी बारा सलाईन घ्यायची होती. त्यातली तीन झाली होती, आणि नंतरचे दोन आठवडे त्या रुग्णालयात गेल्याच नव्हत्या.

मी कारण विचारले. मुलाने खिशातून मोबाईल काढून एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक गृहस्थ सांगत होते की, परदेशात नवा शोध लागला आहे. लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांवर हळदीचा अर्क चढवायचा आणि चुंबकाने तो थेट गाठीकडे ओढून न्यायचा. गाठ विरघळते, केसही जात नाहीत. पाठोपाठ पिशवीतून कॅप्सूलची बाटली आणि चुंबक शिवलेला एक पट्टा बाहेर आला. महिन्याला साडेसहा हजार रुपये मोजले होते.

“डॉक्टर, आमच्याच रानातली हळद हाय ही. हिनं गुण येत असंल तर ते विष कशाला घ्यायचं?” वहिनींनी विचारले.

खरे सांगतो, बारा-तेरा वर्षांपूर्वी असाच प्रश्न दुसऱ्या एका बाईंनी विचारला होता, तेव्हा मी चिडलो होतो. “मग माझ्याकडे कशाला येता? जा त्या पुडीवाल्याकडेच,” असे बोलून गेलो. त्या गेल्या. सात महिन्यांनी परत आल्या तेव्हा गाठ फुटून जखम झाली होती आणि आजार फुप्फुसांत पोहोचला होता. दोष पुडीवाल्याचा होताच, पण दार मीच लावले होते. त्या दिवसापासून हा प्रश्न कुणी विचारला की मी खुर्ची पुढे ओढून बसतो आणि सगळे समजावून सांगतो. वहिनींना जे सांगितले तेच आज वाचकांसाठी लिहितो आहे. मी कर्करोगतज्ज्ञ नाही, एमबीबीएस झालेला साधा फॅमिली डॉक्टर आहे. पण रुग्ण पहिला प्रश्न विचारतो तो आम्हालाच.

व्हिडिओतली पहिली दोन वाक्ये खोटी नव्हती. लोहकणांवर वनस्पतींतील द्रव्ये चढवण्याचे संशोधन जगभर चालू आहे, आपल्या देशातही चालू आहे. खोटे होते ते त्यापुढचे. आणि वाचकहो, निखळ खोट्यापेक्षा अर्धे खरे माणसाला जास्त फसवते.

झाडपाल्यातून आलेली खरी औषधे

पहिली गोष्ट अशी की, वनस्पतींपासून कर्करोगाचे औषध मिळते हे शंभर टक्के खरे आहे. आपल्या अंगणातली सदाफुली घ्या. १९५० च्या दशकात कॅनडातील नोबल आणि बीअर या संशोधकांकडे जमैका बेटावरून सदाफुलीची पाने आली. तिथे लोक मधुमेहावर या पानांचा चहा घेत. उंदरांना अर्क दिला तर साखर काही उतरली नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी झाल्या. मग ज्या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या रक्ताच्या कर्करोगावर हे चालेल का, असा विचार पुढे आला. त्यातूनच व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधे मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही व्हिन्क्रिस्टिन दिले जाते.

मात्र शेकडो किलो वाळलेल्या पानांतून हाती लागते ते ग्रॅमभर औषध. रुग्णाला एका वेळी दिला जाणारा डोस साधारणपणे २ मिलिग्रॅमच्या वर जात नाही, कारण थोडे जास्त झाले तरी ते नसांना इजा करते. म्हणून सदाफुलीची पाने कुणी घरी चावून खाऊ नयेत. पानात औषध किती आणि विष किती, हे जिभेला कळत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या सह्याद्रीतले. कोल्हापूर, सातारा, कोकणच्या जंगलांत ‘नरक्या’ नावाचे झाड आहे. लाकडाला घाण वास येतो म्हणून हे नाव. कॅम्पटोथेसिन नावाचे द्रव्य वॉल आणि वाणी या अमेरिकेतील संशोधकांनी १९६६ साली एका चिनी झाडातून वेगळे केले. १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांना तेच आपल्या नरक्यात सापडले. या द्रव्यात बदल करून तयार झालेली औषधे आज आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर वापरतात. या मागणीपायी नरक्याची इतकी तोड झाली की झाडच धोक्यात आले.

तिसरे उदाहरण सांगण्यापूर्वी मी वहिनींची फाईल उघडली आणि त्यांना सध्या चालू असलेल्या औषधाचे नाव दाखवले : पॅक्लिटॅक्सेल. हे औषध ‘यू’ नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या सालीत सापडले. १९६२ साली अमेरिकेच्या वायव्य भागातील जंगलातून साल गोळा केली गेली, १९७१ साली त्या द्रव्याची रचना समजली आणि १९९२ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. सालीपासून सलाईनपर्यंत तीस वर्षे लागली.

“वहिनी, तुम्ही ज्याला विष म्हणता, ते झाडाचेच औषध आहे,” मी म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत, पण मान वर करून फाईलकडे पाहिले.

हळदीची अडचण कुठे आहे?

हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते कर्क्युमिन. हळद पावडरीत ते साधारण शेकडा ३ भाग असते. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर कर्क्युमिन टाकले तर पुष्कळ पेशी मरतात. हे अनेक प्रयोगशाळांत दिसले आहे. पण बशी म्हणजे माणूस नव्हे.

स्वयंपाकघरातला अनुभव आठवा. हळद पाण्यात टाकली तर विरघळत नाही, तळाशी बसते. तेलाच्या फोडणीत मात्र रंग चटकन उतरतो. आपल्या पोटातही तसेच होते. खाल्लेले बरेचसे कर्क्युमिन आतड्यातून तसेच बाहेर जाते. जे थोडे शोषले जाते त्याचे रूप आतड्याचे अस्तर आणि यकृत लगेच पालटतात आणि ते शरीराबाहेर टाकतात. अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ८ ग्रॅम म्हणजे जवळजवळ पाव किलो हळदीतला अर्क! तरी रक्तात सापडले ते अत्यल्प. एक-दोघांना काही काळ फरक दिसला, बाकीच्यांचा आजार वाढतच गेला.

मिरीसोबत हळद घेतली तर शोषण वाढते, हेही खरे आहे. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली ते दाखवून दिले. पण थेंबाचे वीस थेंब झाले म्हणून विहीर भरत नाही. २०१७ साली कर्क्युमिनवरील तोवरच्या शंभराहून अधिक चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. डॉक्टर व रुग्ण दोघांनाही कुणाला खरे औषध आणि कुणाला नकली गोळी दिली हे माहीत नसते, अशा कडक पद्धतीच्या चाचणीत कर्क्युमिन कोणत्याही आजारावर यशस्वी ठरल्याचे त्यात आढळले नाही.

इथे मुलाने मला अडवले. “पण डॉक्टर, हळदीचं पेटंट आपण अमेरिकेकडनं परत मिळवलं ना?” मिळवले, आणि त्याचा आपल्याला अभिमान आहेच. १९९५ साली अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. पण हा लढा ‘जखमेवर हळद लावणे आम्हाला पूर्वापार ठाऊक आहे’ हे सिद्ध करण्याचा होता. हळदीने कर्करोग जातो असे त्या निकालात कुठेही म्हटलेले नाही.

औषधाला गाडी हवी

आता आपण लोहकणांकडे येऊ. एखादे द्रव्य गुणकारी आहे, पण ते पाण्यात विरघळत नाही, रक्तात टिकत नाही आणि गाठीपर्यंत पोहोचत नाही. मग त्याला गाडीत बसवून पाठवता येईल का? ही गाडी म्हणजे नॅनोकण.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या रक्तातील लाल पेशी साधारण ७,००० नॅनोमीटर रुंद असते आणि हे कण बहुधा १० ते १०० नॅनोमीटरचे. लाल पेशी बैलगाडीएवढी लांब धरली, तर मधल्या आकाराचा कण लहान लिंबाएवढा होईल. त्याच्या गाभ्यात लोहाचे ऑक्साइड असते. गाभ्यावर साखरेसारख्या किंवा प्लास्टिकसारख्या लांब साखळीच्या पदार्थाचा थर देतात. त्या थरात औषध मुरवतात. थरामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि शरीराच्या पहारेकऱ्यांच्या नजरेत उशिरा येतात.

लोहच का? कारण त्याला चुंबक ओढतो. त्यातही एक चांगली सोय आहे. लोहाचा कण साधारण २० नॅनोमीटरपेक्षा लहान झाला की तो वेगळाच वागतो. चुंबक जवळ आणला की तोही चुंबक होतो, चुंबक दूर नेला की त्याचे चुंबकत्व संपते. त्यामुळे कणांच्या गुठळ्या होऊन रक्तवाहिनी बंद पडण्याचे भय कमी होते.

अशा कणांकडून तीन कामांची अपेक्षा असते. पहिले, बाहेर चुंबक धरून औषध गाठीपाशी थोपवून ठेवणे. दुसरे, एमआरआयच्या चित्रात गाठ स्पष्ट दाखवणे. तिसरे, गाठ तापवणे. झपाट्याने दिशा पालटणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात हे कण गरम होतात आणि ४२ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले की कर्करोगाच्या पेशी दुबळ्या होतात. कुत्र्यांच्या लसिका ग्रंथी अशा रीतीने तापवण्याचा प्रयोग अमेरिकेत १९५७ सालीच झाला होता. कर्क्युमिन भरलेले चुंबकीय कणही तयार झाले आहेत. अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ साली ते स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर वापरले. बशीतल्या पेशींवर परिणाम चांगला दिसला. म्हणजे कल्पना भोंदू नाही, तिच्यामागे विज्ञान आहे.

गाडी कुठे अडते?

माझ्या टेबलावर नातवाच्या खेळण्यातला एक चुंबक पडला होता. मी एक टाचणी घेतली आणि प्रिस्क्रिप्शनच्या एका कागदाखाली चुंबक धरला. टाचणी कागदावर चुंबकासोबत फिरू लागली. मग कागदाऐवजी अख्खे पॅड ठेवले. टाचणी ढिम्म हलेना. मुलाला म्हणालो, “बघ, बोटभर अंतर वाढले तर ही गत. गाठ यकृतात किंवा फुप्फुसात खोल असेल, मध्ये कातडी, चरबी, बरगड्या असतील, शिवाय रक्त वेगाने वाहत असेल, तर पट्ट्यातला चुंबक काय ओढणार?” चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होते. कण जितका लहान, तितकी त्याच्यावरची ओढही कमी. ही पहिली अडचण.

दुसरी अडचण शरीराच्या सफाई खात्याची. रक्तात परका कण आला की यकृत आणि प्लीहेतील भक्षक पेशी त्याला गिळतात. शरीराच्या दृष्टीने त्या आपले काम चोख बजावतात, पण औषध मात्र भलत्याच मुक्कामी उतरते. टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरच्या अभ्यासांचा हिशेब मांडला. सर्व प्रकारचे नॅनोकण मिळून, टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणारा वाटा मध्यम हिशेबाने शेकडा ०.७ निघाला. म्हणजे हजार गाड्या निघाल्या, सात पोहोचल्या.

तिसरी अडचण, उंदीर आणि माणूस यांत फरक आहे. उंदराची गाठ कातडीखाली असते, आठवडाभरात वाढते, तिच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. माणसाची गाठ वर्षानुवर्षे वाढलेली, कठीण, आणि प्रत्येकाची निराळी.

माणसांवर काहीच झाले नाही असे नाही. १९९६ साली बर्लिनमधील डॉक्टरांनी आजार पुढे गेलेल्या १४ रुग्णांवर चुंबकीय कणांवरून औषध दिल्याचे प्रसिद्ध केले. निम्म्या रुग्णांतच औषध गाठीकडे वळवता आले. ते औषधही हळदीचे नव्हते, वहिनींच्या ‘लाल सलाईन’च्या कुळातले होते. पुढे मेंदूच्या एका कठीण कर्करोगासाठी गाठीत थेट लोहकण टोचून त्या तापवण्याच्या उपचाराला २०१० साली युरोपात मान्यता मिळाली. तो किरणोपचारासोबत द्यायचा होता. त्यासाठी रुग्णाच्या दातांतील धातूचे भरणसुद्धा काढावे लागे आणि नंतर त्याचा एमआरआय करता येत नसे. ही पद्धत सर्वत्र रूढ झाली नाही, आणि ती आणणारी कंपनी २०२२ साली दिवाळखोरीत गेली.

आजची स्थिती एका वाक्यात सांगायची तर अशी : वनस्पतीचे द्रव्य चढवलेले चुंबकीय कण कर्करोगाचे नेहमीचे उपचार म्हणून कुठल्याही रुग्णालयात दिले जात नाहीत. ते अजून बशीत आणि उंदरांत आहेत.

मग नॅनो सगळे फसवेच का?

मुळीच नाही. पुन्हा वहिनींच्याच औषधाकडे या. पॅक्लिटॅक्सेलही पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेल तेलापासून केलेल्या एका द्रावणात मिसळून द्यावे लागते. त्या द्रावणाची कधी जोरदार ॲलर्जी येते, म्हणून आधी दुसरी इंजेक्शने देतात. यावर उपाय म्हणून तेच औषध आपल्या रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या नॅनोकणांत बांधले गेले आणि २००५ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज ते भारतातही वापरले जाते. म्हणजे झाडाचे औषध नॅनोकणांच्या गाडीतून देणे प्रत्यक्षात आले आहे. फक्त त्या गाडीला चुंबक नाही, आणि आत हळद नाही. त्यानेही केस जातात आणि हातापायांना मुंग्या येतात, हेही सांगितले पाहिजे. उद्या चुंबकाची गाडीही येईल कदाचित. आली तर पहिला लेख मीच लिहीन.

कॅप्सूल आणि पट्ट्याचे काय?

आता पिशवीतल्या मालाकडे वळू. संशोधनातील असे कण शिरेतून किंवा थेट गाठीत टोचतात. कॅप्सूलमधून गिळलेले लोह पोटातील आम्लात पडते, काही विरघळते आणि बाकीचे शौचावाटे जाते. ते चुंबकाच्या ओढीने गाठीपर्यंत चालत जात नाही.

पट्ट्याने रक्तातील लोह ओढले जाते, हाही गैरसमज आहे. आपल्या रक्तातील लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेले असते, ते खिळ्यासारखे चुंबकाला चिकटत नाही. चिकटत असते तर एमआरआयच्या प्रचंड चुंबकात शिरलेला एकही माणूस सुखरूप बाहेर आला नसता.

“घेऊन नुकसान तर नाही ना?” हा नेहमीचा प्रश्न. नुकसान होऊ शकते. जेवणातली हळद निर्धोक आहे, खुशाल खा. पण अर्काच्या कॅप्सूल ही वेगळी गोष्ट आहे. मिरीच्या अर्कासह तीव्र मात्रेत हळदीचा अर्क घेतल्याने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण इटली आणि अमेरिकेतील डॉक्टरांनी नोंदले आहेत. केमोथेरपीची बरीच औषधे यकृतातूनच निकाली निघतात, तेव्हा यकृत बिघडले तर पुढची सलाईन लांबते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाची भीती असते. २०१७ साली अमेरिकेत शिरेतून कर्क्युमिन घेतलेल्या एका तरुणीचा मृत्यू झाला. म्हणून असे काही घेत असाल तर कर्करोगतज्ज्ञांपासून लपवू नका. ते रागावतील म्हणून गप्प बसू नका.

सर्वांत मोठे नुकसान मात्र वेळेचे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आजार दूरवर पसरलेला नाही अशा रुग्णांत, नेहमीचे उपचार सोडून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट दिसला. स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून जास्त होता. जो आजार आटोक्यात येण्यासारखा असतो, त्यातच उपचार सोडल्याची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते.

नवा उपचार कुणी सुचवला तर हे विचारा

१) हे औषध माणसांवर तपासले आहे का, की फक्त पेशींवर आणि उंदरांवर? बातमीत ‘प्रयोगशाळेत’ हा शब्द आला की समजावे, रस्ता अजून लांब आहे.

२) ही संशोधन चाचणी असेल, तर तिची भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंद आहे का? ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून नोंद सक्तीची आहे. ती इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. घरातल्या कॉलेजकुमाराला शोधायला सांगा.

३) चाचणीत नीती समितीची मंजुरी आहे का? तुम्हाला समजेल अशा भाषेतले संमतिपत्र वाचायला दिले का? मधेच बाहेर पडण्याची मुभा आहे का?

४) नव्या औषधाचे पैसे मागतात का? प्रामाणिक संशोधन चाचणीत तपासले जाणारे औषध रुग्णाला विकत घ्यायला लावत नाहीत.

५) ‘चालू उपचार बंद करा’ असे सांगतात का? तसे सांगितले की तिथूनच उठावे.

६) ‘हमखास बरा’ अशी जाहिरात आहे का? औषधे व जादुई उपाय कायदा १९५४ सालापासून आहे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात त्या कायद्याने गुन्हा ठरते.

खर्चामुळे पाऊल अडखळत असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार, म्हणजे आपण ज्याला ‘शेक’ म्हणतो ते, यांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांना भेटा. लांबच्या कुणाला साडेसहा हजार पाठवण्याआधी एवढी चौकशी जरूर करावी.

शेवटी एक गोष्ट

एवढे सगळे सांगून झाल्यावर मी वहिनींना विचारले, “खरे सांगा, व्हिडिओ पाहिला म्हणूनच थांबलात का?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “डॉक्टर, हाताची बोटं बधिर झाल्यात. भाकरी थापायला येत न्हाई. शर्टाचं बटण लावता येत न्हाई. कुणाला सांगू? सगळी म्हणत्यात, एवढं सोसलं, आता थोडंच राहिलंय.”

खरे कारण हे होते. व्हिडिओ निमित्त झाला. त्यांच्या बोटांविषयी घरात कुणी विचारले नव्हते, आणि रुग्णालयाच्या गर्दीत त्यांनी आपणहून सांगितले नव्हते. मी तिथूनच त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावले, तपासले, औषधाची मात्रा थोडी कमी केली आणि एक आठवडा विश्रांती देऊन उपचार पुन्हा सुरू केले. मुंग्या हा पॅक्लिटॅक्सेलचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. वेळीच सांगितले तर त्यावर काही करता येते. अंगावर काढले तर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

दिवाळीच्या आधी त्यांची शेवटची सलाईन झाली. बोटे अजून पूर्ण मोकळी झालेली नाहीत. डोक्यावर केस पुन्हा येऊ लागले आहेत. पुढची काही वर्षे दर काही महिन्यांनी तपासणीला जावे लागेल. आजार पुन्हा येणारच नाही, असे वचन मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. परवा त्या रानातली हळद घेऊन आल्या होत्या. “ही जेवणात घाला, कॅप्सूलमध्ये न्हाई,” असे म्हणाल्या आणि हसल्या.

घरात कुणी कर्करोगाचे उपचार मधेच सोडत असेल, तर आधी भांडू नका. काय त्रास होतो आहे ते विचारा, आणि उत्तर ऐकून त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.